व्याह्यांना दिलेला लंगर

आधी चहा ओता. कोरड्या घशाने हे सांगवणार नाही. आणि तुमच्यापैकी ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला आहे, त्यांनी कपात तोंड घालून हसायचं नाही. ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी आता शोधायला जाऊ नये. मी तो केव्हाच काढून टाकला. लोकांनी आपल्या फोनमध्ये ठेवून घेतला, त्याला माझा इलाज नाही.

अर्धं आयुष्य मी दुसऱ्यांच्या फजितीच्या बातम्या केल्या. मी दिवाकर गावंडे, नागपुरातला जुना वार्ताहर. दैनिकातून निवृत्त झालो म्हणजे पगार थांबला, भांडणं थांबली नाहीत. आता मोबाइलवर माझं छोटं चॅनल आहे. रस्त्यातला खड्डा दिसला की मी खड्ड्यात उभा राहून लाइव्ह जातो. खोटं बोलणाऱ्या अधिकाऱ्याचा मला वास येतो, असं मी अभिमानाने सांगत असे. 'असे' हा शब्द नीट ऐकून ठेवा.

तर आमच्या केतकीचं लग्न जमलं. मुलगा निखिल, दोघं एकाच ऑफिसात. आमचं कामच नव्हतं, फक्त हो म्हणायचं होतं. पण मुलाचे वडील कोण निघावेत? मनोहर काळबांडे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. आणि धरणं-कालवे हा तर माझा जन्माचा विषय. पहिल्याच बैठकीत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मांजर दुधाच्या भांड्याकडे नव्हे, कुत्र्याकडे पाहतं.

केतकीने मला स्वयंपाकघरात ओढलं. म्हणाली, "बाबा, धरणाचा विषय काढायचा नाही. लग्न होईपर्यंत तरी पत्रकार राहू नका. एवढं एकच मागते."

मी कबूल केलं. फक्त बैठकीत एक वाक्य ठणकावून सांगितलं: "मुलाकडून एकाही वस्तूची मागणी झाली, तर मी तिची बातमी करीन." काळबांडे हात जोडून म्हणाले, "आमची काही मागणी नाही जी. चहा घ्या." साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. सगळं गोड चाललं होतं.

काळबांड्यांना नाद एकच, मासे धरायचा. हुडकेश्वरच्या घराच्या पोर्चमध्ये गाडीमागे ओढायच्या चाकांवर एक जुनी फायबरची छोटी मोटारबोट. रविवारी ती कळमेश्वरच्या पुढच्या एका तलावावर न्यायची आणि दिवसभर गळ टाकून बसायचं. हा तलाव खात्याचा, आणि नोकरीत असताना काळबांडे काही वर्षं त्याच तलावावर होते. परवानगी वगैरे सगळं रीतसर. मी ते खोदून विचारलं होतं, सवय.

बोट पाहताना माझी नजर दोरीला बांधलेल्या एका पोत्यावर गेली. सिमेंटचं रिकामं पोतं, आत वाळू.

"हे काय?"

"लंगर आहे जी. पाण्यात टाकलं की बोट थांबते."

"आणि हवा सुटली तर?"

"सरकते थोडी. आपण पण सरकायचं."

इंजिनिअर माणूस आणि लंगर म्हणून पोतं! माझ्यातला जागरूक नागरिक उभा राहिला. म्हटलं, काळबांडे साहेब, तुमच्या बोटीचा लंगर माझ्याकडून. साक्षगंधाआधीचा माझा आहेर समजा. ते नको नको म्हणत होते. पण आहेराला नको म्हणायचीच पद्धत असते, म्हणून मी ऐकलं नाही.

आता लंगरातलं मला काय कळत होतं? काही नाही. पण न कळणाऱ्या विषयावर रात्रीत अग्रलेख पाडलेला माणूस मी. इंटरनेट उघडलं. लहान मोटारबोट, मासेमारी, लंगर, एवढं टाइप केलं. जे काही आलं ते सगळं उत्तरेकडच्या थंड समुद्रातलं. तिथले लोक लहान बोटीतून हॅलिबट नावाचा मासा धरायला जातात. हा मासा दारापेक्षा मोठा होतो, पुरणपोळीसारखा चपटा असतो, समुद्राच्या तळाशी पडून राहतो आणि त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. वर्णन वाचून मला आमच्या जुन्या वृत्तसंपादकांची आठवण झाली. पण ते असो.

त्या लोकांचं शास्त्र मोठं. लंगर नुसता जड असून चालत नाही. त्याच्या पुढे साखळी हवी, म्हणजे ओढ आडवी बसते आणि लंगराचं टोक तळात रुतत जातं. दोर पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट लांब हवा. आणि एवढ्या खोलातून लंगर वर काढायचा तर हात मोडतील, म्हणून दोरावर एक कडी सरकवायची, कडीला तरंगता नारिंगी फुगा बांधायचा आणि मोटार चालू करून पुढे जायचं. कडी दोरावरून घसरत साखळीपर्यंत जाते, फुगा लंगराला आपोआप वर आणतो. मी हे वाचून थक्क झालो. लगेच वहीत काढावं असं चित्र होतं.

समुद्राला भरती असते, प्रवाह असतो. आमच्या तलावात काय असतं? म्हशी असतात. हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. पण इंटरनेटवर कोणी म्हणालं की छोट्या बोटीला साधा लंगर पुरतो, तर मला वाटे, हा विकला गेलेला माणूस आहे.

शेवटी मी दोन लंगर घेतले. एक मोठा, फाळ असलेला, साखळीसकट. दुसरा छत्रीसारखा मिटणारा, चार लोखंडी आकड्यांचा. एक बोटीच्या पुढे, एक मागे, म्हणजे बोट हलायचं नावच नको. दोर इतका की दिवाणखान्यात गुंडाळी ठेवली तेव्हा आमच्या सौभाग्यवती शोभाबाई तिला वळसा घालून देवघरात जाऊ लागल्या.

"अहो, विहिरीत उतरून राहिले काय तुम्ही?" ती म्हणाली.

"शास्त्र आहे त्यामागे."

"असू द्या. पण नाव काहून नाही घातलं?"

"लंगरावर नाव?"

"आहेर आहे ना तो? माझ्या माहेरच्या चमच्यावरही नाव आहे. उद्या त्यांच्या घरी कोणी विचारलं, हे कोणी दिलं, तर काय सांगतील? बाजारातून आणलं?"

या मुद्द्यावर मी तिच्याशी कधीच जिंकलो नाही. आमच्या घरातली वाटी शेजारी गेली तरी नावावरून परत येते. मी दोन्ही लंगर स्कूटरवर घालून महाल भागातल्या भांड्यांच्या दुकानात गेलो. तिथे नाव घालणारा बसतो, हातातलं यंत्र थरथरतं आणि स्टीलवर अक्षरं उमटतात. त्याने लंगर उलटासुलटा करून पाहिला.

"काकाजी, हे कोण्या कामाचं भांडं आहे?"

"तू नाव घाल."

"काय लिहू? वास्तूचं आहे की बारशाचं?"

मी मजकूर सांगितला. दोन्हींवर त्याने तो घातला, भोवती वेलबुट्टी काढली. शोभाने हळदकुंकू लावलं, लाल धागा बांधला. नव्या वस्तूची पूजा झाल्याशिवाय ती वापरायची नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघंच व्याही तलावावर निघालो. निघताना केतकीने फक्त हाताचं एक बोट वर करून मला आठवण करून दिली. मी मान हलवली.

बोट पाण्यात गेली. काळबांड्यांनी माझा आहेर हातात घेतला, नाव वाचलं, कपाळाला लावला. माणूस चांगला होता हो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तलावाच्या मध्यावर मी मोठा लंगर पुढून टाकला. साखळी खळखळत गेली, मग दोर गेला. दोर जातच राहिला. तळ केव्हाच लागला होता, पण शास्त्र म्हणत होतं खोलीच्या कित्येक पट. काळबांडे म्हणाले, "गावंडेजी, एवढ्या दोरावर बोट अख्ख्या तलावात फिरेल जी."

"म्हणून तर मागचा आणला."

तो चार आकड्यांचा मी मागून टाकला. गाठ मीच बांधली होती, व्हिडिओ पाहून. मग आम्ही गळ टाकून बसलो. काळबांडे निखिलच्या लहानपणाच्या गोष्टी सांगत होते, मी केतकीच्या. फ्लास्कमधला चहा झाला, शोभाने दिलेला चिवडा झाला. मासा एकही नाही, पण मन भरलं होतं. मी मनात म्हटलं, दिवाकर, पोरीने नशीब काढलं.

मग हवा सुटली. बोट गोल फिरायला लागली. एकदा इकडून, एकदा तिकडून. काळबांडे गळाचा गुंता सोडवत होते, तेवढ्यात मला मागचा दोर ढिला वाटला. ओढला. येत गेला, येत गेला आणि टोक हातात आलं.

टोकाला काही नव्हतं.

माझी गाठ सुटली होती. पूजा केलेला, नाव घातलेला, व्याह्यांनी कपाळाला लावलेला लंगर तलावाच्या तळाशी. आता खरं बोललो असतो तर काय झालं असतं? ते हसले असते, मी हसलो असतो, गोष्ट संपली असती. मी काय केलं? त्यांची पाठ होती, तेवढ्यात दोर गुंडाळून लाइफ जॅकेटखाली सरकवला आणि आकाशाकडे पाहत बसलो. ज्याने आयुष्यभर लोकांची झाकलेली कागदपत्रं बाहेर काढली, त्याने जॅकेटखाली दोर झाकला.

परत निघायची वेळ झाली. मी पुढचा दोर ओढला. थोडा आला आणि अडकला. पुन्हा ओढला. खाली काहीतरी जड, किंचित सरकणारं. आणि दोरातून हाताला स्पष्ट जाणवलं, लोखंडावर लोखंड घासतंय.

"काळबांडे साहेब, खाली लोखंड आहे."

"मागचा लंगर असंल जी. बोट फिरली ना, दोर एकमेकांत गेले असतील. मागचा आहे ना खालीच?"

पाहा, देवाने दुसरी संधी दिली होती. मी म्हणालो, "नाही नाही, तो मी केव्हाच वर घेतला. जॅकेटखाली आहे."

"मग झाडाचं खोड असंल."

"खोड लोखंडाचं नसतं. पाइप आहे ही."

"इथे पाइप नाही जी. मी होतो ना इथे."

झालं. 'इथे पाइप नाही.' हेच वाक्य, याच थंड आवाजात, मी किती कार्यालयांत ऐकलं होतं. माझ्या डोक्यात दिवे लागले. समोर काठावर एक जुनं पंपघर दिसत होतं. पलीकडे औद्योगिक वसाहत. मध्ये पिण्याच्या पाण्याचा तलाव आणि तळाशी लोखंड. आणि बोटीत कोण? त्या वेळचा अधिकारी, म्हणतोय खोड आहे. त्या दिवशी लंगर नको नको का म्हणत होता? पोतं का टाकत होता? पोतं कशात अडकत नाही म्हणून!

हॅलिबटचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात म्हणालो ना? माझेही तसेच झाले. आपला लंगर याच पाण्यात बुडाला आहे, हे दुसऱ्या बाजूला होतं.

मी फोन काढला आणि लाइव्ह गेलो.

"नमस्कार. मी दिवाकर गावंडे, कळमेश्वरजवळच्या तलावातून थेट. लोकांच्या तोंडचं पाणी चोरणारी एक लोखंडी पाइप आत्ता माझ्या दोराला लागली आहे."

"गावंडेजी, काय करून राहिले तुम्ही?" काळबांडे हळूच म्हणाले.

मी फोन त्यांच्याकडे वळवला. हो, त्यांच्याकडे. साक्षगंध तोंडावर आलेल्या मुलीच्या सासऱ्याकडे. म्हटलं, "माझ्यासोबत इथले तत्कालीन अधिकारी आहेत. साहेब, ही पाइप कोणाच्या काळात पडली?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली. म्हणाले, "मले माहीत नाही जी."

"माहीत नाही, की सांगायचं नाही?"

स्क्रीनवर लोकांचे अंगठे वर येऊ लागले. 'भाऊ, सोडू नका.' 'पकडा चोराले.' मध्येच केतकीचा फोन आला. कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मग शोभाचा आला. मला वाटलं, अभिनंदनाचा असेल.

"आता मी तुम्हाला या पाइपचं तोंड दाखवतो," मी प्रेक्षकांना सांगितलं. "त्यावर कंपनीचा छाप असेलच. नाव कोणाचंही असो, मोठ्यातल्या मोठ्या माणसाचं असो, मी ते इथेच, तुमच्यासमोर, मोठ्याने वाचणार आहे."

दोरावर कडी सरकवली, नारिंगी फुगा बांधला. काळबांड्यांना म्हटलं, मोटार सुरू करा, पुढे घ्या. आरोपीच बोट चालवत होता. फुगा पाण्यावरून धावत मागे गेला. कडी दोरावरून घसरत खाली गेली. आणि हॅलिबटवाल्यांनी लिहिलं होतं तसंच, अगदी तसंच, फुगा गचका खाऊन थांबला आणि तळातून काहीतरी उचललं गेलं. त्या दिवशी बरोबर झालेली तेवढी एकच गोष्ट.

दोर ओढत आम्ही फुग्यापाशी आलो. मी एका हाताने फोन धरला, दुसऱ्याने साखळी वर घेतली. चिखल ठिबकत होता. साखळीत चार लोखंडी आकडे गुरफटले होते. मोठा लंगर आणि छोटा लंगर, बारातीत व्याही व्याह्याला भेटतो तसे एकमेकांच्या गळ्यात पडलेले. छोट्याला लाल धागा होता.

एक क्षण मला काही समजलंच नाही. हाताने चिखल पुसला. अक्षरं दिसली. आणि वाचणार म्हणून सांगितलं होतं ना? तोंड स्वतःच वाचत गेलं:

"श्री. मनोहर काळबांडे यांस सप्रेम भेट. दिवाकर गावंडे, नागपूर."

भोवती वेलबुट्टी.

फोन चालूच होता. काळबांड्यांनी हात पुढे केला, माझ्या हातातून तो घेतला, पडद्याकडे पाहून म्हणाले, "सापडला जी चोर," आणि बंद केला.

इथे संपलं असतं तरी बरं होतं. पण त्यांनी लंगर ठेवायला जागा करावी म्हणून लाइफ जॅकेट उचललं. खाली रिकामा दोर. त्यांनी दोराचं टोक हातात घेऊन पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जॅकेट पुन्हा त्यावर ठेवलं, नीट झाकलं. ते झाकणं मला अजून आठवतं. झोपेत आठवतं.

घरी केतकी दारातच होती. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "एकच तर मागितलं होतं, बाबा." आणि आत गेली. शोभा म्हणाली, "लंगर बुडाला तर बुडाला म्हणायचं होतं. माझ्या माहेरचे चमचे काय कमी हरवले तुम्ही?" निखिलचे बाबा फोन उचलत नव्हते. मी रात्रभर अन्नाला शिवलो नाही. इतक्या लोकांकडून मी जाहीर माफीनामे लिहून घेतले होते, आणि मला स्वतःला चार ओळी सुचेनात.

सकाळी मी एकटाच हुडकेश्वरला गेलो. काळबांडे पोर्चमध्ये बोट धूत होते. दोन्ही लंगर धुऊन उन्हात ठेवले होते, नावाची बाजू वर. मी चप्पल काढून उभा राहिलो.

"साहेब, माझं चुकलं. तुमच्यावर आळ घेतला, तो एक गुन्हा. खोटं बोललो, तो दुसरा. मला शिक्षा द्या, पण पोरीला देऊ नका. आज मी चॅनलवर तुमची माफी मागणार आहे."

त्यांनी नळ बंद केला. हात पुसले.

"गावंडेजी, नोकरीत लोक माझ्या पाठीमागे बोलले. तुम्ही तोंडावर विचारलं, त्याचं वाईट नाही वाटलं मले. पण माझ्याच बोटीत बसून, माझाच चहा पिऊन?"

"चहा आमच्या घरचा होता," माझ्या तोंडून निघालं. सवय, काय करता. लगेच जीभ चावली. पण त्यांच्या मिशीत कुठेतरी काहीतरी हललं.

"बसा," ते म्हणाले. "पोरांचं लग्न होणारच आहे. पोरगी काही तुमच्यावर गेली नाही. पण आता आमची एक मागणी आहे जी."

मागणी? माझी पाठ आपोआप ताठ झाली. बैठकीत काय बजावलं होतं मी? मुलाकडच्यांची मागणी म्हणजे बातमी. हात खिशातल्या फोनकडे गेला, आणि नशीब, तिथेच थांबला.

"बोला," मी म्हणालो.

"पोरीला आंदणाची भांडी द्याल ना तुम्ही? जेवढी द्यायची तेवढी द्या. नका देऊ, तरी चालते." त्यांनी उन्हातल्या लंगराकडे पाहिलं. "फक्त त्याच्यावर नाव नका घालू."

आयुष्यात पहिल्यांदा मी मुलाकडच्यांची मागणी मुकाट्याने मान्य केली. घरी येऊन शोभाला सांगितलं. लग्नाच्या भांड्यांवर नाव नाही हे ऐकून ती मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाही. म्हणते, उद्या एखादं भांडं हरवलं, तर ते कोणाचं आहे हे कसं कळणार?

मी तिला काय सांगू? ओता अजून थोडा चहा.